इंजिनाचें ‘मिसिंग’ आणि पिवळा दिवा

मोटारगाडीच्या चालकासमोर लहान दिव्यांची जी रांग असते, तींत इंजिनाच्या आकृतीचा एक पिवळा दिवा असतो. किल्ली फिरवितांच तो लागतो आणि इंजिन सुरू झालें म्हणजे विझतो. कित्येकांची त्याच्याशीं ओळख एवढीच असते. पण एखादे दिवशीं तो विझत नाहीं. त्याच सुमारास गाडी उभी असतां इंजिन थरथरूं लागतें, चढावर ओढ कमी पडते, सायलेन्सरमधून मधूनमधून फटफट असा आवाज निघतो. आपले मेस्त्री लोक यास ‘गाडी मिसिंग मारते’ असें म्हणतात. गाडी गॅरेजांत जाते, एखादा भाग बदलला जातो, दिवा विझतो; आणि आठ दिवसांनीं तो पुन्हां लागतो. मग दुसरा भाग बदलतात, पुन्हां तेंच. अशा दोनतीन खेपा झाल्या म्हणजे घरांतील मंडळी त्या दिव्यालाच खोटा ठरवून मोकळीं होतात.

वास्तविक दिवा खोटें बोलत नसतो. तो जें सांगतो तें बहुधा खरेंच असतें. मात्र तें फार थोडें असतें, आणि राहिलेलें आपण आपल्या मनानें त्याच्या तोंडीं घालतों. दोष कोठें दिसला एवढेंच तो सांगतो. दोष कशामुळें झाला हें तो सांगत नाहीं, आणि त्याला तें ठाऊकहि नसतें. या दोन गोष्टींतील अंतर ज्याच्या लक्षांत आलें त्याचे पुष्कळ पैसे वांचतात. म्हणून हा विषय, यंत्राचा असला तरी, विद्यार्थ्यांप्रमाणेंच त्यांच्या पालकांपुढेंहि मांडावा असें वाटलें.

प्रथम इंजिनाचें काम कसें चालतें तें थोडक्यांत पाहूं. निकोलस ओटो या जर्मन संशोधकानें १८७६ सालीं जें चार टप्प्यांचें इंजिन यशस्वी करून दाखविलें, त्याचाच क्रम पेट्रोलच्या गाडींत अद्याप चालू आहे. पिस्टन खालीं जातांना हवा व पेट्रोल यांचें मिश्रण सिलिंडरांत ओढलें जातें. वर येतांना तें दाबलें जातें. दाबलेल्या मिश्रणांत ठिणगी पडतांच तें पेटतें व पिस्टनला जोरानें खालीं लोटतें. पुन्हां वर येतांना पिस्टन जळालेला वायु बाहेर घालवितो. एवढ्या अवधींत मुख्य दांडा, म्हणजे क्रॅंकशाफ्ट, दोन फेरे करितो. अर्थात् दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडरची पेटण्याची पाळी एकदांच येते. आतां हें गणित करून पाहा. इंजिन मिनिटास ३००० फेरे करीत असेल, तर एका सिलिंडरांत मिनिटास १५००, म्हणजे सेकंदास २५ वेळां मिश्रण पेटतें. चार सिलिंडर मिळून सेकंदास १०० वेळां. इतक्या घाईंत एखाददुसरी पाळी चुकली तर ती कानास कळणें कठीण. पण इंजिन मंदगतीनें, मिनिटास ८०० फेऱ्यांवर, चालत असलें कीं चारी सिलिंडर मिळून सेकंदास सुमारें २७ पाळ्या येतात; त्यांतील दर चौथी चुकूं लागली म्हणजे गाडीचें सारें अंग हलतें.

पाळी चुकण्याचीं कारणें वरवर पाहतां असंख्य दिसतात, पण त्यांचीं घरें तीनच. मिश्रण योग्य प्रमाणांत आलें पाहिजे, म्हणजे वजनानें पेट्रोलच्या एका भागास हवेचे सुमारें १४.७ भाग; तें पुरेसें दाबलें गेलें पाहिजे; आणि नेमक्या क्षणीं त्यांत जोरकस ठिणगी पडली पाहिजे. ही ठिणगी पाडण्याकरितां कॉइल बॅटरीच्या १२ व्होल्टांपासून हजारों व्होल्टांचा दाब उत्पन्न करिते. मिश्रण, दाब व ठिणगी या तिहींपैकीं एकहि उणें पडलें तरी बाहेरून दिसणारा परिणाम अगदीं एकच असतो, तो म्हणजे ती पाळी फुकट जाते. घोटाळ्याचें मूळ येथेंच आहे.

मग पाळी फुकट गेली हें गाडींतील संगणकाला कळतें कसें? त्याला सिलिंडरच्या आंत डोळा नसतो. त्याची युक्ति निराळी आहे. क्रॅंकशाफ्टवर एक दांत्यांचें चाक बसविलेलें असतें. पुष्कळ गाड्यांत तें साठ दांत्यांचें असून खुणेसाठीं त्यांतील दोन दांते मुद्दाम गाळलेले असतात. चाकाजवळचा सेन्सर प्रत्येक दांता समोरून किती वेळांत गेला तें मोजीत राहतो. एखाद्या सिलिंडरांत मिश्रण नीट पेटलें कीं दांड्याला हिसका मिळून त्याची गति किंचित् वाढते. पेटलें नाहीं तर ती किंचित् मंदावते. दोघीजणी जात्यावर दळीत असतां एकीचा हात सैल पडला, तर दुसरीला तें जात्याच्या गतीवरूनच कळतें. मान वर करून पाहण्याची तिला गरज पडत नाहीं. संगणकाचें ज्ञान याच जातीचें आहे. कोणत्या क्षणीं गति मंदावली यावरून त्या वेळीं कोणत्या सिलिंडरची पाळी होती तें तो ठरवितो, आणि चुकलेल्या पाळ्यांची संख्या मर्यादेबाहेर गेली म्हणजे स्मृतींत एक अंक नोंदवून दिवा लावितो.

हा अंक वाचण्यासाठीं चालकाच्या गुडघ्याजवळ, फळीखालीं, सोळा टोकांची एक खोबण असते. तींत स्कॅनर नांवाचें लहानसें उपकरण लाविलें म्हणजे अंक दिसतो. समजा, अंक ‘पी ०३०३’ असा निघाला. यांतील ‘पी’ हें अक्षर इंजिन व गियर यांच्या विभागाचें. त्यापुढील शून्य हें अंक सर्व कंपन्यांना समान असल्याचें चिन्ह. त्यापुढचा तीन हा ठिणगी व मिसिंग या सदराचा. आणि शेवटचे ०३ म्हणजे तिसरा सिलिंडर. शेवटीं ०० आले तर त्याचा अर्थ असा कीं, पाळ्या एकाच ठिकाणीं न चुकतां अनेक ठिकाणीं चुकत आहेत. ‘पी ०३०३’ याचें शुद्ध मराठी भाषांतर ‘तिसऱ्या सिलिंडरच्या पाळ्या चुकत आहेत’ एवढेंच होतें. ‘तिसरी कॉइल जळाली आहे’ असें तें होत नाहीं. पण पुष्कळ ठिकाणीं तें तसेंच वाचलें जातें.

येथें जातां जातां एक गोष्ट सांगतों. हा दिवा गाडीच्या मालकासाठीं निघालेला नाहीं. तो हवेसाठीं निघालेला आहे. कॅलिफोर्नियांत मोटारींच्या धुरामुळें शहरांवर जें धुकट दाटे, त्याच्या बंदोबस्ताकरितां त्या राज्यानें १९८८ सालच्या गाड्यांपासून अशी स्वयंतपासणीची व्यवस्था आवश्यक केली. पुढें १९९६ सालच्या गाड्यांपासून साऱ्या अमेरिकेंत तिची सुधारलेली, सर्व कंपन्यांना समान अशी आवृत्ति सक्तीची झाली. आपल्या देशांत भारत स्टेज चारच्या नियमांबरोबर एप्रिल २०१० पासून तिचा पहिला टप्पा व एप्रिल २०१३ पासून दुसरा टप्पा लागू झाला. तेव्हां दिव्याचा खरा प्रश्न ‘इंजिन सुखी आहे काय?’ हा नसून ‘धूर मर्यादेंत आहे काय?’ हा आहे. मालकाला त्यापासून जी सूचना मिळते ती ओघानें मिळालेली आहे.

यावरूनच स्थिर दिवा व लुकलुकणारा दिवा यांतील भेद समजतो. दिवा स्थिर असेल तर गाडी सावकाश चालवीत घरीं किंवा गॅरेजपर्यंत नेण्यास सहसा हरकत नसते. परंतु इंजिन थरथरत असून दिवा लुकलुकूं लागला, तर मात्र पाय तत्काळ हलका करावा, आणि लुकलुकणें थांबत नसेल तर गाडी रस्त्याच्या कडेस उभी करून इंजिन बंद करावें. कारण असें. धुराच्या नळींत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नांवाचा एक डबा असतो. त्यांत मधाच्या पोळ्यासारखी चिनी मातीच्या जातीची बारीक जाळी असून तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा पातळ लेप असतो. विषारी वायूंचें रूपांतर येथें होतें. जी पाळी चुकते तींतील न जळलेलें पेट्रोल या डब्यांत येऊन तेथेंच जळूं लागतें, आणि पाळ्या फार चुकत असल्या तर उष्णता इतकी वाढते कीं, ती जाळीच वितळून नळी तुंबते. एका कॉइलच्या किंमतीकडे पाहून जो मनुष्य लुकलुकत्या दिव्यानें महिनाभर गाडी दामटतो, त्याला पुढें या डब्याची किंमत ऐकून घाम फुटतो.

पाळी चुकण्याचा दुसरा एक परिणाम मोठा चमत्कारिक आहे, आणि साक्षीपुरावा कसा तपासावा याचा तो उत्तम धडा आहे. धुराच्या नळींत प्राणवायु मोजणारा एक सेन्सर असतो. पाळी चुकली म्हणजे त्या सिलिंडरांतील पेट्रोल जळत नाहीं, तसाच हवेंतील प्राणवायूहि खर्च होत नाहीं. तो जशाचा तसा नळींत येतो. सेन्सर प्रामाणिकपणें सांगतो कीं, ‘प्राणवायु फार आहे.’ संगणक त्याचा अर्थ असा करितो कीं, ‘पेट्रोल कमी पडत आहे’; आणि तो सर्व सिलिंडरांना पेट्रोल वाढवून देतो. म्हणजे मुळांत पेट्रोल न जळण्याचा दोष, त्यांत अधिक पेट्रोल! शिवाय स्मृतींत ‘मिश्रण विरळ’ अशा अर्थाचा दुसरा अंक उमटण्याचाहि संभव असतो, आणि तो वाचून कोणी भला माणूस प्राणवायूचा सेन्सरच बदलून टाकतो. सेन्सर खोटें बोललेला नसतो. त्यानें पाहिलें तें सांगितलें. अर्थ करणाराची गफलत झाली.

तेव्हां अंक वाचणें हा तपासणीचा आरंभ आहे, शेवट नव्हे. त्यानंतरची पायरी म्हणजे दोष कोणत्या परिस्थितींत प्रकट होतो हें बारकाईनें पाहणें. हें काम मेस्त्रीपेक्षां गाडी रोज चालविणाराच अधिक चांगलें करूं शकतो. पण तो तें क्वचितच करितो. ‘गाडी मधेंच हलते’ एवढें सांगून तो किल्ली मेस्त्रीच्या हातीं देतो. मधेंच म्हणजे केव्हां? खंबाटकीच्या घाटासारख्या चढावर, गाडींत माणसें भरलेलीं असतां, इंजिन चुकूं लागत असेल, तर ठिणगीवर प्रथम संशय घ्यावा. कारण चढावर सिलिंडरांत मिश्रण अधिक भरतें, दाब वाढतो, आणि दाब जितका अधिक तितकी प्लगच्या टोकांमध्यें ठिणगी पडणें कठीण. अशक्त कॉइल किंवा झिजलेला प्लग सपाटीवर वेळ मारून नेतो व चढावर दगा देतो. उलट गाडी उभी असतांनाच इंजिन थरथरत असेल व वेग वाढविल्यावर शांत होत असेल, तर एकतर कोठून तरी आगंतुक हवा आंत शिरत आहे, किंवा सिलिंडर दाब धरीत नाहीं, असा तर्क करावा. मंदगतींत हवा मुळांतच थोडी लागते, म्हणून चोरवाटेनें आलेली थोडीशी हवाहि प्रमाण बिघडविते. आणि दाब गळण्यास वेळहि भरपूर मिळतो. पावसाळ्यांत, विशेषतः कोंकणांतील पावसांत, सकाळच्या वेळींच मिसिंग होत असेल, तर प्लगच्या खळग्यांत पाणी किंवा ओल शिरून ठिणगी बाहेरच्या बाहेर निसटते कीं काय हें पाहावें. त्या खळग्यांत वरच्या झांकणाचें गॅस्केट गळून तेल सांचलेलेंहि पुष्कळदां आढळतें.

आतां तिसरी पायरी. मला ही सर्वांत आवडते, कारण तिला खर्च जवळजवळ नाहीं आणि शास्त्रीय प्रयोगाचें सारें मर्म तींत आहे. पुष्कळ आधुनिक गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल असते. अंक तिसऱ्या सिलिंडरचा आहे ना? मग नवी कॉइल विकत आणण्यापूर्वीं तिसऱ्या व दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलींची अदलाबदल करावी, बाकी कशालाहि हात लावूं नये, जुना अंक पुसावा आणि गाडी ज्या परिस्थितींत हलते त्याच परिस्थितींत चालवून पाहावी. अंक ‘पी ०३०२’ झाला, तर दोष कॉइलच्या पाठोपाठ गेला, कॉइल अपराधी. अंक ‘पी ०३०३’ च राहिला, तर कॉइल निर्दोष सुटली. नंतर प्लगांची अदलाबदल, पुन्हां तोच नियम. एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची, हें व्रत मात्र मोडतां कामा नये. प्लग, कॉइल व इंजेक्टर तिन्ही एकदम बदलले आणि दोष गेला, तर गाडी बरी झाली खरी, पण आपणांस ज्ञान कांहींच झालें नाहीं. आणि दोष गेला नाहीं तर पैसेहि गेले. अदलाबदल करितांना इंजिन बंद व थंड असावें, किल्ली काढलेली असावी. इंजेक्टरचें काम मुलांनीं घरीं करूं नये. तेथें पेट्रोल दाबाखालीं असतें.

जुन्या काळचे मेस्त्री चालू इंजिनाची एकेक प्लगची वायर काढून पाहत. वायर काढल्यावर इंजिन अधिक डळमळलें तर तो सिलिंडर काम करणारा; कांहींच फरक पडला नाहीं तर तोच आळशी. ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबईच्या रस्त्यांवरून ज्यांनीं शेवटचा निरोप घेतला त्या काळ्यापिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सींवर हातखंडा असलेल्या कित्येकांना ही कला कानानें अवगत होती, आणि तिजबद्दल मला आदर आहे. पण नव्या गाड्यांवर ती चालवूं नये. हातास जबर झटका बसतो, नाजूक विद्युद्यंत्रणा बिघडते, आणि न जळलेलें पेट्रोल वर सांगितलेल्या डब्यांत जातें. अदलाबदलीच्या रीतींत तत्त्व तेंच आहे. धोका मात्र नाहीं.

ठिणगी व पेट्रोल हीं दोन्हीं घरें निर्दोष ठरलीं म्हणजे दाबाकडे वळावें लागतें, आणि येथेंच पुष्कळ गॅरेजांत कंटाळा केला जातो. कारण दाब मोजण्यास प्लग काढून त्या जागीं मापक बसवावा लागतो, आणि या मेहनतीचा विकावयाचा असा कोणताहि भाग निघत नाहीं. चारी सिलिंडरांचा दाब जवळजवळ सारखा असावा. एकाचा बराच कमी भरला तर त्यांत चमचाभर इंजिन ऑइल ओतून पुन्हां मोजतात. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, तेलानें त्यांच्या फटी तात्पुरत्या बुजल्या. वाढला नाहीं तर गळती वरच्या बाजूस, म्हणजे व्हॉल्व्हपाशीं किंवा हेड गॅस्केटपाशीं आहे.

याचें एक प्रत्यक्ष उदाहरण देतों. आमच्या शाळेंतील इयत्ता नववीच्या एका विद्यार्थ्याचे वडील साताऱ्याहून पुण्यास भाड्याची गाडी नेतात. गाडी मूळची पेट्रोलची असून सीएनजीवरहि चालते. तिचा दिवा लागला व अंक ‘पी ०३०३’ निघाला. एका गॅरेजांत प्रथम चार प्लग बदलले, मग तिसरी कॉइल, मग तिसऱ्याचा पेट्रोलचा इंजेक्टर. प्रत्येक खेपेस अंक पुसला गेल्यामुळें दिवा विझे आणि थोड्या दिवसांनीं पुन्हां लागे. तीन आठवडे पुण्याचीं भाडीं सोडावीं लागलीं. ज्या घराचा चरितार्थ एका गाडीवर आहे त्या घरीं याचा अर्थ काय होतो हें पालकांस सांगावयास नको. मुलानें तेव्हां विज्ञानाच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर चार रकाने आंखले. इंजिन थंड कीं तापलेलें, गाडी उभी कीं चालती, पेट्रोलवर कीं गॅसवर, आणि थरथर आहे कीं नाहीं. वडील गाडी घेऊन आले कीं तो त्यांना विचारून एकेक ओळ भरी. अकरा दिवसांच्या ओळी झाल्यावर एका वृद्ध मेस्त्रीकडे गाडी नेली. वडिलांनीं विचारलें, “मेस्त्री, आतां कोणता भाग आणूं?” मेस्त्री म्हणाले, “भाग राहूं द्या, दादा. आधीं पोराची वही बघूं.”

वहीवरून तीन गोष्टी उघड दिसत होत्या. थरथर फक्त इंजिन तापल्यावर होई. ती फक्त गाडी उभी असतां होई. घाटांत ओढ किंचित् कमी वाटे, पण इंजिन हलत नसे. आणि ती पेट्रोलवर व गॅसवर सारखीच होई. या तिसऱ्या ओळीचें महत्त्व पाहा. पेट्रोलचे इंजेक्टर निराळे, गॅसचे निराळे. दोहोंवरहि दोष एकाच सिलिंडरांत तसाच राहतो, तर इंजेक्टरचा संबंध जवळजवळ तुटलाच. पेट्रोलचा नवा इंजेक्टर विकत घेण्यापूर्वीं गॅसचें बटण दाबून हाच प्रश्न फुकटांत विचारतां आला असता! घाटांत इंजिन चुकत नाहीं, म्हणून ठिणगीहि बहुधा ठीक. मेस्त्रींनीं तरी कॉइलची अदलाबदल करून पाहिली. अंक तिसऱ्याचाच राहिला. मग दाब मोजला. थंड इंजिनांत चारी सिलिंडर जवळजवळ सारखे. गाडी तापवून पुन्हां मोजला, तों तिसऱ्याचा दाब एकदम खालीं. तेल ओतून तो वाढेना. वरचें झांकण काढून टॅपेटच्या फटी मोजल्या, तेव्हां तिसऱ्या सिलिंडरच्या धुराच्या व्हॉल्व्हला फट म्हणून उरलेलीच नव्हती.

असें कां झालें? सीएनजी हा कोरडा वायु आहे. पेट्रोलच्या थेंबांमुळें व्हॉल्व्ह व त्याची बैठक यांना जो थोडाफार ओलावा व गारवा मिळतो तो गॅसवर मिळत नाहीं. म्हणून पेट्रोलसाठीं घडविलेल्या इंजिनांत गॅसवर दीर्घकाळ धांव झाल्यास व्हॉल्व्ह आपटून आपटून बैठकींत हळूहळू रुतत जातो. तो जसजसा रुततो तसतसें त्याचें वरचें टोक वर सरकतें आणि टॅपेटची फट कमी होते. इंजिन तापलें कीं व्हॉल्व्हची दांडी उष्णतेनें लांबते, उरलीसुरली फट संपते, आणि व्हॉल्व्ह पुरता मिटतच नाहीं. थंड असतां मिटतो, म्हणून सकाळीं गाडी शहाणी. यांत आणखी एक फसवणूक आहे. टॅपेट सैल झाले तर टकटक वाजतात व कोणाच्याहि लक्षांत येतात. घट्ट झाले तर उलट आवाज कमी होतो, आणि मालकाला वाटतें कीं इंजिन काय गोड चाललें आहे! म्हणून गॅसवर चालणाऱ्या ज्या गाड्यांचे टॅपेट हातानें जुळवावे लागतात, त्यांच्या फटी कंपनीच्या पुस्तकांत सांगितलेल्या अंतरानें तपासवून घ्याव्या. या गाडींत उशीर झाल्यामुळें व्हॉल्व्हची कड एका जागीं जळली होती. हेड उतरवून तो व्हॉल्व्ह बदलावा लागला व बैठक घांसावी लागली. फट वेळींच तपासली असती तर बहुधा नुसत्या जुळवणीवर भागलें असतें. आधीं घेतलेले तिन्ही प्रकारचे भाग घरीं खोक्यांत पडून नाहींत, ते गाडींतच आहेत व उत्तम चालत आहेत. फक्त त्यांची गरज नव्हती.

अंक एकाऐवजीं दोन सिलिंडरांचे निघाले तर त्या दोघांत समान काय आहे हें शोधावें. कित्येक गाड्यांत एक कॉइल पहिल्या व चौथ्यास, दुसरी कॉइल दुसऱ्या व तिसऱ्यास ठिणगी पुरविते. पहिला व चौथा एकदम चुकूं लागले तर ती सामायिक कॉइल किंवा तिची वायर पाहावी. दुसरा व तिसरा चुकूं लागले तर मात्र घाई करूं नये, कारण ते शेजारीहि आहेत. दोघांमधील हेड गॅस्केट फुटूनहि तेंच होतें, आणि तेव्हां निवाडा दाबाच्या मापकानेंच होतो. चारीहि सिलिंडर चुकत असतील तर एकेका कॉइलच्या मागें लागणें व्यर्थ होय. घरांत एकाला ताप आला तर त्याच्या अंगाकडे पाहतात. सर्वांनाच एकदम ओकाऱ्या झाल्या तर विहिरीकडे पाहतात. तसें येथें पेट्रोलचा पंप, त्याचा दाब, पेट्रोलांत शिरलेलें पाणी, अथवा हवेच्या मुख्य नळीची चीर, अशा सर्वांना लागू पडणाऱ्या जागा पाहाव्या.

दिवा विझणें व दोष जाणें या दोन गोष्टी एक नव्हेत. स्कॅनरनें अंक पुसला तर दिवा विझतोच. शिवाय अमेरिकन नियमांच्या रचनेप्रमाणें लागोपाठ तीन फेऱ्या निर्दोष गेल्या तर तो आपोआपहि विझतो. जो दोष फक्त तापल्यावर उभ्या गाडींत दिसतो तो हिंडत्या गाडींत तीन फेऱ्या सहज लपून राहील. म्हणून दुरुस्तीनंतर गाडी ज्या परिस्थितींत हलत असे तीच परिस्थिति मुद्दाम आणून पाहावी. वरील गाडी मेस्त्रींनीं घाट चढवून आणली, आणि मग वीस मिनिटें नुसती उभी चालूं ठेवली.

जुनी गाडी घेणाऱ्या पालकांनीं एवढें अवश्य करावें. इंजिन सुरू न करितां किल्ली फिरवून पिवळा दिवा लागतो कीं नाहीं तें पाहावें. अजिबात लागतच नसेल तर दिवा निकामी झालेला आहे किंवा कोणी तो मुद्दाम निकामी केला आहे. लागत असेल तर स्कॅनर लावून, स्वयंतपासण्या पूर्ण झाल्या आहेत कीं नाहींत हें दाखविणारें पान उघडण्यास सांगावें. अंक नुकताच पुसलेला असेल तर बऱ्याचशा तपासण्या अपूर्ण दिसतात. विकणारा म्हणेल कीं बॅटरी काढली होती. तसें असूं शकतें, बॅटरी काढल्यानेंहि तेंच होतें. अशा वेळीं सौदा चारदोन दिवस पुढें ढकलावा, गाडी चालूं द्यावी आणि तेंच पान पुन्हां पाहावें.